सहावी खुर्ची

ग्रिसेल्दा बारागानला आजही कुणी विचारलं, की बाई, तुम्ही एवढं शिकलात, तुमचा सगळ्यात लाडका वर्ग कोणता, तर ती ज्या वर्गाचं नाव घेते त्यात ती एक दिवसही बसलेली नाही. विचारणाऱ्याला वाटतं, बाई चेष्टा करतायत. चेष्टा कसली आलीय! दर वसंतात तिच्या टेबलावर उन्हाळी संशोधनाला येऊ पाहणाऱ्या पोरापोरींचे अर्ज येऊन पडतात, आणि त्यात एखाद्या आडगावच्या, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजचं नाव दिसलं की तिचा हात तिथेच थांबतो. कॉफी गार होते. ती मनाने कधीच पोचलेली असते कॅलिफोर्नियाच्या त्या खोऱ्यात, बदामाच्या बागांमधून जाणाऱ्या सरळसोट रस्त्यावर, आईच्या पांढऱ्या पिकअपमध्ये, आणि शेजारच्या सीटवर थर्मास मांडीत धरून डेल्बर्ट टॅकेट बसलेले असतात.

तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची होती. कॉलेज म्हणजे चार बसक्या इमारती, मागे पीचच्या बागा, आणि वारा फिरला की डेअरीचा वास थेट वर्गात. अख्ख्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई एकच, मिसेस ओहानियन. फ्रेस्नोकडच्या आर्मेनियन कुटुंबातल्या, आवाज खणखणीत, उंची बेताची, आणि जिभेला हाड नाही. परीक्षेच्या दिवशी घरचा पाकलावा, अक्रोड घातलेली पापुद्र्यांची मिठाई, घेऊन यायच्या, सगळ्यांना पोटभर खायला घालायच्या आणि मग अर्ध्या वर्गाला नापास करायच्या. पोरं त्या पाकलाव्याला जाम घाबरत.

पहिल्या रांगेत, खिडकीजवळ, डेल्बर्ट टॅकेट बसत. वय बहात्तर. कॉलेजात म्हाताऱ्याकोताऱ्यांना नुसतं ऐकायला बसायची सोय होती: परीक्षा नाही, मार्क नाहीत, हजेरीपटात नावही नाही. बायको गेल्यावर घर खायला उठायचं म्हणून आले होते, ते फिजिक्सला चिकटले. डोळ्यांपायी गाडी चालवायचा परवाना गेला होता. त्यांचं घर ग्रिसेल्दाच्या वाटेवर, म्हणून ती त्यांना येता-जाता गाडीत घ्यायची. सुरुवातीला उपकार म्हणून; नंतर ते नसले की तिलाच करमेना.

"काय प्रोफेसरबाई," ते दार ओढून घेत म्हणायचे, "आज कुणाची खोड काढायची? न्यूटनची?"

"आधी पट्टा लावा, मिस्टर टॅकेट."

"लावतो. पण आमच्या वेळी गाडीला पट्टा नव्हता, दार पण एकाच बाजूला होतं."

आमच्या वेळी म्हणजे ओक्लाहोमा सोडून लोक या खोऱ्यात आले तेव्हा. टॅकेटांचं कुटुंब पिकामागे फिरायचं. कापूस, मग वाटाणा, मग पीच, मग द्राक्षं. लहानग्या डेल्बर्टचं शाळेत नाव घालायचे, बाक जरा ओळखीचा व्हायचा, बाई नावाने हाक मारायला लागायच्या, की पीक संपलंच. बापाने गादी गाडीच्या टपावर बांधलीच.

"किती शाळा झाल्या असतील, देव जाणे," ते एकदा म्हणाले. "पण परीक्षा एकीतही दिली नाही. परीक्षा सोमवारी असली की आम्ही रविवारी निघालेलो. आणि तो सुट्टीआधीचा शेवटचा दिवस असतो ना, तो कुठेच बघितला नाही. पोरं सांगायची, लई मजा असते म्हणे."

"कसली मजा!" ग्रिसेल्दा म्हणाली. "घंटा झाली की सगळे बोंबलत पळतात."

"असं?" म्हाताऱ्याने खिडकीची काच खाली केली. "मला वाटायचं, काहीतरी देत असतील."

ती हसली तेव्हा. पुढे कितीतरी वर्षांनी तेच वाक्य आठवून ती मोटेलच्या खोलीत एकटीच रडली आहे, पण ते जाऊ दे.

तर त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, बदामाला पांढरा बहर आला असताना, ओहानियनबाईंनी एक जुनी माशांची काचपेटी आणली. तिच्या तळाशी अल्कोहोलने भिजवलेला लोकरी कपडा चिकटवला, पेटी उलटी घातली, खाली कोरडा बर्फ. तो बर्फ आणला होता टू व्हांगने, गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या हातापाया पडून. टू म्हणजे ग्रिसेल्दाचा प्रयोगातला जोडीदार. लाओसहून आलेल्या हमाँग घरातला, सात बहिणींच्या पाठीवरचा, त्यामुळे बोलायला मिळेल तिथे भडाभडा बोलून घ्यायचा. घरच्यांचा हमरस्त्यावर भाज्या नि स्ट्रॉबेरीचा स्टॉल होता, आणि शनिवार-रविवार त्याच्या हाताची बोटं लालच असत.

दिवे घालवले. टॉर्चचा झोत आडवा सोडला. बराच वेळ नुसतं धुकं. टू म्हणाला, "बाई, यात आधी मासे होते तेव्हा जास्त बघण्यासारखं होतं." आणि तेवढ्यात धुक्यातून एक बारीक पांढरी रेघ सर्रकन उमटली आणि विरून गेली. मग दुसरी. मग वाकडी तिसरी. आकाशातून येणारे कण, छतातून, त्यांच्या अंगातून, टेबलातून आरपार जाणारे. रोजच जात होते, बघत कोणी नव्हतं.

अंधारात डेल्बर्टांचा आवाज आला, अगदी हळू, देवळात बोलावा तसा. "कोण गेलं गं आत्ता इथनं?"

ग्रिसेल्दाच्या अंगावर काटा आला. त्या क्षणी तिने ठरवलं, की जे गेलं ते कोण होतं हे शोधण्यातच आपलं आयुष्य घालवायचं. विशीत माणूस असं काहीबाही ठरवतं आणि विसरतं. ती विसरली नाही.

ओहानियनबाईंनी तिच्या मानगुटीवर बसून उन्हाळ्यासाठी दोन अर्ज करवून घेतले. एक होता तासाभरावरच्या विद्यापीठाच्या शेतीसंशोधन केंद्रात. बागेच्या मातीत पाणी किती खोल मुरतं ते न्यूट्रॉन सोडून मोजायचं. काम चांगलं, माणसं चांगली, संध्याकाळी घरी. दुसरा इलिनॉयच्या माळरानावरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत, जिथे त्या रेघा बघायला काचपेटी नसते, तीन मजली यंत्र असतं. अख्खा उन्हाळा तिकडेच राहायचं. तिकडे अर्ज कुठल्या कुठल्या नामांकित विद्यापीठांतून येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ग्रिसेल्दाने तो अर्ज लॉटरीचं तिकीट घ्यावं तसा टाकला आणि विसरायचा प्रयत्न केला.

मार्च संपताना दोन्हीकडून होकार आला. एकाच आठवड्यात! वाचनालयातल्या संगणकासमोर ती तोंडावर हात ठेवून बसली. मग उठून धावत सुटली ती थेट टू व्हांगच्या स्टॉलवर.

"टू! घेतलं मला! इलिनॉयला!"

"आईशप्पथ!" टूने हातातली टोपली आपटली, तिला मिठी मारली, तिच्या पांढऱ्या शर्टावर लाल बोटं उमटवली. "मी म्हटलं नव्हतं? आता तिथे जाऊन आम्हाला ओळख दाखव म्हणजे झालं. किती दिवस?"

"सगळा उन्हाळा. जूनच्या सुरुवातीपासून."

टूचं हसू जागच्या जागी थांबलं. लगेच त्याने ते परत आणलं, पण ग्रिसेल्दाने मधला क्षण बघितला होता.

"काय झालं?"

"कुठे काय? काही नाही. स्ट्रॉबेरी घे."

"टू."

"अगं, सहा," तो म्हणाला. "जाऊ दे. मी काही बोललो नाही."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फिजिक्सचा तिसरा भाग त्या कॉलेजात फक्त उन्हाळ्यात शिकवला जायचा, आणि नावनोंदणीच्या शेवटच्या दिवशी सहा नावं नसली तर वर्ग रद्द. पाच असोत नाहीतर एक असो, डीनला सारखंच. हा भाग झाल्याशिवाय कुणालाही मोठ्या विद्यापीठात इंजिनियरिंग-फिजिक्सला जाता येत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात पाच नावं झाली, आणि वर्ग गेला. त्या पाचांत टू होता. झालेलाच भाग परत ऐकत बसण्यात त्याचं अख्खं वर्ष फुकट गेलं होतं. यंदा खेचाखेच करून, दोघांना तर हातापाया पडून, सहा जमली होती, आणि सहावी ग्रिसेल्दा होती. तिचं स्वतःचं अजून एक वर्ष बाकी होतं, तिला पुढच्या उन्हाळ्यात बसलं तरी चाललं असतं. टूला नसतं चाललं. घरच्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की या सप्टेंबरात विद्यापीठात गेलास तर जा, नाहीतर पुरे झालं, शेत बघ. सातही बहिणी लग्न होऊन गेलेल्या. शेत बघायला दुसरं होतं कोण?

जवळच्या केंद्रातलं काम घेतलं तर संध्याकाळी वर्गाला येता येत होतं. लांबच्याला गेलं तर पाच उरत होते. इतकं साधं होतं ते, आणि इतकं वाईट.

दुसऱ्या दिवशी ती ओहानियनबाईंच्या खोलीत गेली. बाई तारा सोडवत बसल्या होत्या.

"बाई, मी काय करू?"

"कशाचं काय करू?"

"मी गेले तर पाच होतात."

"माझा वर्ग भरवायचं काम तुझ्याकडे दिलंय का मी?"

"नाही, पण मागच्या वर्षी बंद पडला."

"पडला. मी डीनशी कडाकडा भांडले आणि हरले. यंदाही भांडेन." बाईंनी हातातली तार टेबलावर टाकली. त्यांचा आवाज उतरला. "हे बघ ग्रिसेल्दा. मी तुला जा म्हटलं, तर व्हांगच्या तोंडाकडे मला बघवणार नाही. राहा म्हटलं, तर आरशात बघवणार नाही. म्हणून मी काही म्हणत नाही. शुक्रवारी उत्तर पाठवायचंय तुला, ते तूच पाठव."

घरी आई टोमॅटो नि मिरच्या भाजत होती. ती पीचच्या पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यावर फळं निवडायची. उन्हाळा म्हणजे तिच्या धावपळीचा काळ. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जवळचं चांगलं आहे की," ती म्हणाली. "माती-पाण्याचं काम. संध्याकाळी घरचं जेवण." मग तिने मागे वळून बघितलं. "पण मग तुझं तोंड असं का पडलंय?"

"नाही गं."

"मला जवळचं हवंय म्हणून जवळचं घेऊ नकोस हं. माझं काय विचारतेस! मला तर तू अजून पाळण्यात हवी आहेस."

"तुझ्यासाठी नाही आई. टूसाठी. वर्गासाठी."

मिरचीचा ठसका लागला दोघींना, दोघींचे डोळे भरून आले, आणि मिरचीवर ढकलून दोघींनी ते पुसले. "दुसऱ्यासाठी सोडायचं असेल तर हसत सोड," आई शेवटी म्हणाली. "नाहीतर सोडू नकोस. असलं तोंड घेऊन कुणावर उपकार करू नये."

सोमवारी गाडीत तिने हसायची तालीम केली. बहर केव्हाच झडला होता, रस्त्याच्या कडेला पाकळ्यांची माती झाली होती. डेल्बर्ट बसले, पट्टा लावला, थर्मास उघडला.

"मग, प्रोफेसरबाई, कुठे जायचं ठरलं?"

"इथलंच. शेतीचं केंद्र."

"असं?"

"हो. आपल्या खोऱ्यात पाण्याचा प्रश्न केवढा मोठा आहे, तुम्हाला काय सांगायचं. आणि ते इलिनॉय म्हणजे यंत्राच्या एका कोपऱ्यात बसून आकडे बघायचे. मला नाहीच तसं आवडत." हे ती इतक्या भराभरा बोलली की तिला स्वतःलाच त्यातलं खोटं ऐकू आलं.

म्हाताऱ्याने कॉफीचा घोट घेतला. "त्या काचपेटीपुढे तुझं तोंड मी बघितलंय. अंधार होता, पण बघितलंय."

"मिस्टर टॅकेट, खरंच."

"बरं. नाहीतरी माझा फायदाच आहे. तू राहिलीस तर मला गाडी राहिली." कालव्याचा पूल गेल्यावर म्हणाले, "मी बसतो त्या खुर्चीचं काय? ती धरत नाहीत का सहात?"

"तुम्ही नुसतं ऐकायला बसता ना. नाव नसतं पटावर."

"नाव लावायचं तर काय करावं लागतं?"

"रीतसर नोंदणी. मग गृहपाठ, चाचण्या, शेवटची परीक्षा. सगळं."

"परीक्षा," डेल्बर्ट म्हणाले, आणि थर्मासचं झाकण लावायला लागले. ते काही केल्या नीट बसेना. ग्रिसेल्दाला वाटलं, वय झालं.

उतरताना ते म्हणाले, "या आठवड्यात मला घ्यायला येऊ नकोस. जरा काम आहे."

म्हाताऱ्याला कसलं काम? मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी, बुधवारी रिकामी. त्यात टूही तिला टाळत होता. वर्ग सुटला की पोरगा गायब. तिला राग आला. ज्याच्यासाठी मी एवढं सोडतेय तो साधं बोलायलाही थांबत नाही! इलिनॉयला नकार कसा लिहायचा याची वाक्यं ती डोक्यात जुळवायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला ती पांढरी रेघ दिसायची. गुरुवारी तर ती वर्गात सरळ रडायच्या बेताला आली होती. ओहानियनबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

शुक्रवारी सकाळी ती उत्तर पाठवायला कॉलेजात आली. वाचनालयाकडे जायचं तर नोंदणीच्या कचेरीवरून जावं लागे. खिडकीसमोर रांग होती: कानात वायरी अडकवलेली पोरं, कडेवर लेकरू घेतलेली एक मुलगी, आणि त्या सगळ्यांमध्ये इस्त्रीचा शर्ट नि गळ्यात टाय लावून डेल्बर्ट टॅकेट. शेजारी टू व्हांग, त्यांचा थर्मास धरून.

ग्रिसेल्दा रांगेत घुसून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"हे काय?"

"आली बघ," डेल्बर्ट टूला म्हणाले. "तुला म्हटलं होतं, लवकर चल. तू शर्टाला इस्त्री करत बसलास."

"शर्ट तुमचा होता, मिस्टर टॅकेट."

"हे काय चाललंय?" ग्रिसेल्दाचा आवाज चढला.

"ओरडू नकोस, रांग आहे. नाव घालतोय शाळेत." म्हाताऱ्याने टाय सारखा केला. "सहावा मी."

टू पुढे झाला. त्याची नजर खाली होती. "सोमवारी रात्री त्यांनीच मला फोन केला. मी नाही हं काही म्हटलं त्यांना. आणि खरं सांगू, ग्रिस? तू राहतेस असं त्यांच्याकडून कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की माझी मलाच लाज वाटली. म्हणून तोंड चुकवत होतो तुझं."

"पण असं कसं नाव घालता येईल? आधीचे दोन भाग रीतसर झाल्याशिवाय..."

"त्याचीच तर परीक्षा घेतली त्या बाईने!" डेल्बर्ट म्हणाले. "मी म्हटलं, बाई, दोन्ही भागांना तुमच्यासमोरच तर बसलोय, करा सही. तर म्हणे, खोटी सही मी माझ्या बापासाठीसुद्धा करणार नाही. दोन दिवस खोलीत कोंडून पिळून काढलं मला. घाम फुटला."

"पाकलावा दिला?"

"दिला ना. तो बघूनच तर हातपाय गळाले." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "पहिल्या दिवशी उठून निघालो होतो मी. दारापर्यंत गेलो. बाई म्हणाल्या, मिस्टर टॅकेट, जायचं तर जा, पण या वेळी बाहेर गाडीवर गादी बांधलेली नाहीय. मग काय करतो? बसलो परत. काठावर पास केलंय, अगदी काठावर. पण सही आहे."

कचेरीतल्या बाईने "पुढे या" म्हणून हाक मारली. डेल्बर्ट हलले नाहीत. त्यांनी ग्रिसेल्दाकडे सरळ बघितलं.

"आता खरं सांग. कुठलं हवं होतं?"

"लांबचं."

"आणि मला गाडीत बसवून पाण्याचा प्रश्न सांगत होतीस!" म्हातारा कडाडला, सगळी रांग वळून बघायला लागली. "सत्तर वर्षं या खोऱ्यात काढलीत मी, मला पाण्याचा प्रश्न सांगते! चल नीघ. पाठव तुझं उत्तर. इथे उभी राहिलीस तर माझं नाव लिहिताना चुकेन मी."

ती वाचनालयात गेली. इलिनॉयला 'येते' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

तो उन्हाळा! माळरानावर गुडघाभर गवत, संध्याकाळी काजवे. ग्रिसेल्दाने जन्मात काजवे बघितले नव्हते. ते तीन मजली यंत्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला काचपेटीच आठवली. बरोबरची पोरं नामांकित ठिकाणांहून आलेली, बोलायला चुरचुरीत. पहिले काही दिवस ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. मग सोल्डरिंगची पाळी आली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की तुटकी यंत्रं जोडून जोडून शिकलेल्या पोरीच्या हाताला सवय आहे. मग जमलं. पण तिचा जीव अर्धा इकडे होता. रविवारी वसतिगृहातल्या फोनवरून ती टूला फोन करायची, आणि 'कशी आहेस' व्हायच्या आधीच विचारायची, "मिस्टर टॅकेट काय म्हणतायत?"

"पहिल्या चाचणीत आपटले. जोरात. परतीच्या वाटेवर गाडीत एक अक्षर बोलले नाहीत."

आणि पुढच्या रविवारी: "काळ हळू चालतो तो धडा झाला ना, तर बाईंना म्हणतात, हे मला माहीत आहे, वाटाणा तोडताना असंच व्हायचं. बाई इतक्या हसल्या की खडू पडला."

कॉलेजचा नियम असा, की तीन आठवडे झाले की पट पक्का. त्यानंतर कुणी सोडून गेलं तरी वर्ग बंद करता येत नाही. त्या रविवारी टूचा आवाज वेगळा होता.

"ओहानियनबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. म्हणाल्या, मिस्टर टॅकेट, आता वर्ग टिकला, तुम्ही मोकळे. उद्यापासून पूर्वीसारखं नुसतं ऐकायला बसा, परीक्षेची कटकट नको. आम्ही सगळ्यांनीच सांगितलं, गं. रोज त्यांची झोप उडालेली दिसत होती."

"मग?"

"म्हणाले, मोकळा व्हायला आलो नाही मी. आणि गृहपाठाचा कागद पुढे केला. चूक होता सगळा."

फोन ठेवून ग्रिसेल्दा गवतात जाऊन बसली. तिच्यासाठी जे करायचं होतं ते करून झालं होतं. आता म्हातारा कुणासाठी बसला होता?

ऑगस्टमध्ये ती परत आली. बस गावात शिरली तेव्हा ऊन मी म्हणत होतं, पीच संपत आले होते, डेअरीचा वास नाकात भरला आणि तिला मायेने भडभडून आलं. असल्या वासाने! घरी पिशवी टाकून, आईला मिठी मारून ती तडक टूच्या स्टॉलवर गेली. छत्रीखाली, उलट्या टाकलेल्या खोक्यावर डेल्बर्ट टॅकेट बसले होते. हातात थर्मास. टू गिऱ्हाईक सोडून धावत आला. सप्टेंबरात तो विद्यापीठात जाणार होता, आणि स्टॉल दोन आठवड्यांनी बंद होणार म्हणून त्याची आई आतापासूनच त्याच्यावर आणि गिऱ्हाइकांवर डाफरत होती.

"काय प्रोफेसरबाई! सापडलं का, कोण गेलं ते?"

"अजून शोधतायत, मिस्टर टॅकेट. तुमचं काय? निकाल?"

"डी."

"पास!"

"पास. बाई म्हणाल्या, हा डी पुढच्या कुठल्याही विद्यापीठात चालत नाही. मी म्हटलं, मला जिथे जायचंय तिथे चालतो म्हणे, फार विचारत नाहीत."

तिघं हसले. मग डेल्बर्टांनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"शेवटचा दिवस बघितला, पोरी," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस अगदी तसाच. पेपर दिला आणि पोरं बोंबलत पळाली. हा सगळ्यांत पुढे."

"मी गाडी काढायला पळालो होतो," टू म्हणाला.

"मी बसूनच राहिलो. पेपर देऊन झाला होता, पण उठवेना. बाई म्हणाल्या, मिस्टर टॅकेट, संपलं. मी म्हटलं, बाई, संपल्यावर कसं असतं ते जरा बघू द्या. बघितलंच नाही कधी. तर त्यांनी फळा पुसला. मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. उरलेला पाकलावा दोघांनी खाल्ला. खिडकीतून बागा दिसत होत्या. बस, एवढंच. काही देत-बित नाहीत."

ग्रिसेल्दाचे डोळे वाहायला लागले, आणि या वेळी ढकलायला मिरचीही नव्हती. "मी असायला हवी होते तिथे," ती म्हणाली. "मिस्टर टॅकेट, मी तिथे असायला हवी होते."

"वेडी का काय तू?" म्हातारा म्हणाला, आणि त्याने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिच्या हातात दिली. "तू असतीस, तर मला खुर्ची कुठली मिळाली असती?"